रडके आले माघारी

आमच्या शेजारचे नाना कमरेला दोरी बांधल्याशिवाय गच्चीवर पाऊल टाकत नाहीत. गच्ची एकमजली घराची, तिला छातीएवढा कठडा आणि वर पाण्याची टाकी सोडली तर वाळत घातलेले पापड. तरीही नाना जिन्याच्या तोंडाशी थांबतात, दोरीचा फास कमरेत अडकवतात, दुसरं टोक लोखंडी कडीला बांधतात, दोनदा हिसका देऊन बघतात आणि मगच पापड उलटायला पुढे सरकतात.

मला हे आधी कुणी सांगायला हवं होतं की नाही? कार्ल्याच्या शाळेत माझी बदली झाली, आम्ही इथे घर भाड्याने घेतलं, आणि पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते तर समोरच्या गच्चीवर एक म्हातारा माणूस शांतपणे दोरीचा फास तयार करतोय. माझ्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. "अहो, नका! नका!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. आमचे हे दाढीचा फेस गालावर तसाच घेऊन धावत आले. खाली अंगणात नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग गच्चीकडे पाहिलं.

"काई न्हाई वो बाई," त्या म्हणाल्या. "त्ये बोटीवं गेल्यात."

आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्या घराने मला दिलेला हा पहिला धक्का. मुळात मला धक्का लवकर बसतो, हे मी मान्य करते. पण नाना शेजारी असल्यावर दगडालाही बसला असता.

दुसरा धक्का त्याच आठवड्यात बसला. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बोळ आहे, आणि संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येतं. मी कान देत नाही, पण ऐकू येतं त्याला काय करणार!

"मोजमाप्यानं आज बटाटं मोजलं," नाना सांगत होते. "निम्मं सडल्यात."

"आगं बया," काकू म्हणाल्या. "आन् रडके?"

"त्यो काय, बसलाय पाखरांसंगं बोलत. आज परत रडला."

"बायकू न्हाई ना संगं त्याच्या. एकला पडलाय बिचारा."

मला वाटलं, नात्यातली माणसं असतील. मोजमापे हे जरा चिक्कू व्याही असावेत आणि रडके हे काकूंच्या माहेरचे कुणी दुःखी गृहस्थ. एक दिवस भाजी घेताना मी सहज विचारलं, "काकू, रडके राहतात कुठे?"

"समिंद्रात," काकू म्हणाल्या आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली.

तेव्हा मला पहिल्यांदा सगळं रीतसर कळलं. जगात अशी काही माणसं आहेत जी छोट्याशा शिडाच्या बोटीत एकटी बसून महासागर ओलांडतात, पृथ्वीला फेरी घालतात, आणि जिवंत परत आली तर त्यावर पुस्तक लिहितात. अशा पुस्तकांचं एक अख्खं पोतं नानांच्या घरात होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, नोकरीत असतानाच, लोणावळ्यातल्या कुठल्याशा जुन्या बंगल्याचं सामान भंगारात निघालं. नाना तिथे कोंबड्यांच्या खुराड्यासाठी पत्रा आणायला गेले आणि पुस्तकं घेऊन आले. कोंबड्या त्या पावसाळ्यात ओसरीवर झोपल्या.

नाना रेल्वेत होते. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर लावायला एक इंजिन जोडतात, ते नाना चालवत. म्हणजे सगळी नोकरी दुसऱ्याच्या गाडीला मागून ढकलण्यात गेली. समोर बघायचं तर शेवटच्या डब्याची पाठ. गाडी लोणावळ्याला पोचली की लोक पुढे पुण्याला जात आणि नाना पुन्हा खाली कर्जतला. शेजारी असिस्टंट असायचा, पण नाना त्याला धरतच नसत. "आख्ख्या घाटात म्या येकला," असं ते अजूनही सांगतात. त्यामुळे ते पोतं उघडून पहिल्या पुस्तकावरचा एकट्या बोटीचा फोटो बघताच त्यांना आपला माणूस भेटल्यासारखं झालं असणार.

समुद्राशी नानांचा संबंध मात्र सुक्या बोंबलापुरताच. त्यांचा मुलगा विलास चाकणला कारखान्यात आहे. त्याने एकदा हौसेने आई-वडिलांना मुंबईला नेऊन लाँचमध्ये बसवलं. नानांनी खिशातून दोरी काढली, स्वतःला बाकाला बांधलं आणि लाँच धक्क्यावरून सुटायच्या आतच उलटी केली. काकू कठड्याला टेकून शेंगदाणे खात उभ्या राहिल्या आणि परत यायला तयार होईनात. हे मला काकूंनी नानांच्या देखत सांगितलं. मी थक्क होऊन नानांकडे पाहिलं.

"मोजमाप्यालाबी सुरवातीला व्हायचं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

पुस्तकं इंग्रजीत. नाना जुने मॅट्रिक. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते आधी स्वतः वाचत आणि संध्याकाळी ओसरीवर काकूंना मराठीतून ऐकवत, तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा. काकूंना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. नानांचं उजव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत असे आणि तोंडातून आपलं मावळातलं मराठी बाहेर पडत असे. त्यामुळे ते सगळे गोरे दर्यावर्दी, मग ते इंग्रज असोत की आणखी कुणी, वादळात सापडले की "आरं द्येवा, काय ह्यो वारा!" असंच ओरडत. त्यांची खरी नावं नानांच्या जिभेला पेलत नसत, म्हणून त्यांनी प्रत्येकाला आडनाव देऊन टाकलं होतं.

मोजमापे हे नानांचं दैवत. हा इंग्रज माणूस बटाटे मोजतो, खिळे मोजतो, काड्यापेटीतल्या काड्या मोजतो. घाबरला असं एकदाही लिहीत नाही. बोट उलटीपालटी करणारं भयंकर वादळ त्याने एका ओळीत संपवलं होतं. "वारा बराच होता. सूप सांडलं." नाना ही ओळ इतक्या भक्तिभावाने म्हणत की ऐकणाऱ्याने हात जोडावेत.

त्याच्या उलट रडके. याच्या पुस्तकात वादळ संपून ऊन पडलं तरी याचं रडणं चालूच. हा पक्ष्यांशी बोलतो, चंद्राशी बोलतो, बायकोचं नाव घेऊन शिडाशीही बोलतो. काकूंचा जीव याच्यावर. भांडखोरे म्हणून एक होता, तो बोट बांधणाऱ्यापासून वर्तमानपत्रवाल्यांपर्यंत सगळ्यांना पानोपानी शिव्या घालायचा. एक होता देवमाणसे. "ह्याच्या पुस्तकात निसतं आभाळ," नाना म्हणत. "बोट कुटं हाय त्ये काय सांगंना." आणि एक बाई होती, हसरीबाई. तिचं शीड फाटो, डोक्यावर डोलकाठी पडो, ती आपली हसतच असायची.

"तिला जेवान कोन करून घालतं?" काकूंनी विचारलं.

"तीच करती."

"आन् उरलेलं?"

"तीच खाती."

"मंग हसंल न्हाई तर काय," काकू म्हणाल्या.

नानांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती. मोजमाप्याच्या आणि रडक्याच्या. सरपंच रडक्याचा. पोस्टमन मोजमाप्याचा. वडापाववाला दिसायला मोजमाप्याचा, पण आतून रडक्याचा. माझ्याकडे पाहून त्यांनी लगेच सांगितलं, "तुमी गणिताच्या म्याडम. तुमी आमच्या पार्टीत. तुमचे मिस्टर मातुर रडक्याच्या." आमचे हे यावर चिडले, आणि चिडून दोन दिवस बोलले नाहीत, त्यामुळे नानांचंच खरं झालं.

मोजमापे वाचायला लागल्यापासून नानांनी घराची बोट करून टाकली. "आदी बांदून घ्यायचं, मंग बोलायचं," हा त्यांचा मंत्र. फडताळाला आडव्या पट्ट्या मारल्या, डबे पडू नयेत म्हणून. कार्ल्यात डबे कशाने पडणार होते कोण जाणे. चहाचा कप ते खाली ठेवत नाहीत, हातातच धरतात. एकट्या खलाशाने सलग झोपायचं नसतं, समोरून जहाज येऊन धडकेल, म्हणून घड्याळाला गजर लावून घटकाघटकाला उठायचे आणि बाहेर येऊन हायवेच्या दिशेने बघायचे. शेवटी काकूंनी ते घड्याळ तांदळाच्या कणगीत गाडून टाकलं. मी एकदा त्यांच्याकडे वाटीभर तांदूळ मागायला गेले आणि कणगीत हात घातला, तर आतून गजर झाला. मी किंचाळून मागे पडले ते थेट खुराड्यावर.

आता मुख्य भांडणाकडे येते. कारण या घरात एक भांडण होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं होतं.

मोजमाप्याने पृथ्वीची फेरी पुरी केली. बंदरात आला, दोरी बांधली, चहा प्यायला, पुस्तक संपलं. रडकेही तशाच फेरीला निघाला होता. पण निम्मी वाटसुद्धा झाली नव्हती, तेव्हा एका छान दिवशी, समुद्र शांत, वारा पाठीवर, बोट ठणठणीत, असं सगळं असताना त्याला घरची आठवण आली आणि त्याने सरळ बोट माघारी वळवली.

"वारा चांगला. बोट चांगली. आन् ह्यो फिरला माघारी!" नाना ओसरीवर हात आपटून म्हणत. "त्ये काय बरूबर न्हाई."

"आवं, घरची आटवन आली त्याला," काकू म्हणत. "आटवन आली की मानूस फिरतो. शाना व्हता म्हून फिरला."

"शाना? निगालाच कशाला मंग?"

"निगाल्याबिगर आटवन कशी यील?"

यावर नाना आवाज चढवत. हे भांडण कशातूनही निघू शकत असे. एस.टी. उशिरा आली की निघे. लग्नाच्या पंगतीत निघे. एकदा मी हळदीकुंकवाला बायका बोलावल्या होत्या, तिथेही काकूंनी वाण हातात घेऊन बोळातून हाक मारली, "आवं, ह्या समद्या म्हनत्यात रडके बरूबर!" बिचाऱ्या बायकांना रडके कोण ते ठाऊकही नव्हतं. आणि ओसरीवरून नानांचा आवाज आला, "समद्या म्हनल्या म्हून काय वारा बदलतो का?"

एका वर्षी आवणीच्या दिवसांत हे भांडण इतकं पेटलं की नाना पिशवी भरून आंदर मावळात भावाकडे निघून गेले. भाताची लावणी होईस्तोवर येणार नाही असं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगून गेले. तिकडे एस.टी. जेमतेम, पुढे बराच चालत जायचा रस्ता. आणि तिसऱ्याच दिवशी भिजून चिंब झालेले नाना बोळाच्या तोंडाशी उभे.

"दात दुकतोय," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

काकूंनी पंचा आणून दिला, चुलीवर चहा टाकला आणि मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "रडके आले माघारी."

मी त्या वेळी काकूंना विचारलं होतं, की तुम्हाला इंग्रजी येत नाही, मग पुस्तकात काय लिहिलंय यावर तुम्ही एवढ्या ठामपणे कशा भांडता? काकू मिश्री लावत बसल्या होत्या. त्या गालातल्या गालात हसल्या.

"मला इंग्रजी न्हाई येत बाई," त्या म्हणाल्या. "पर ह्यांचं बोट वाचता येतं."

मला काहीही कळलं नाही. पण तेवढ्यात दारात मुंगूस आलं, कोंबड्या ओरडायला लागल्या, आणि बोलणं तिथेच राहिलं.

काकू गेल्या तेव्हा थंडी सरत आली होती. आदल्या संध्याकाळी ओसरीवर भांडण ऐकू आलं होतं, सकाळी त्या नव्हत्या. मी धावत गेले तेव्हा नाना ओसरीवर ताठ बसले होते आणि येईल त्याला सांगत होते, "सकाळी च्या झाला. छातीत दुकलं. गाडी आली. तळेगावला पोचायच्या आदी संपलं." बस्स. प्रत्येकाला तेवढीच चार वाक्यं, त्याच क्रमाने. डोळ्यांत टिपूस नाही. काकूंचा भाऊ इंदुरीहून आला, आम्ही त्याला मामा म्हणतो. तो गळ्यात पडून रडायला लागला तेव्हा नानांनी त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "पायरी निसारडी हाय. आदी धरून उबा ऱ्हा."

मला खरंच राग आला. पुस्तकातला मोजमापे ठीक आहे, त्याचं सूप सांडलं होतं. इथे संसार सांडला होता.

दहाव्याचा विधी नदीच्या घाटावर होता. आमच्याकडे दहावा म्हणजे अर्धा तालुका जमतो. लाऊडस्पीकरवर प्रवचन झालं. मग एक पुढारी बोलायला उठले. ते कुठलाच दहावा चुकवत नाहीत. त्यांनी काकूंचं नाव दोनदा चुकवलं आणि रस्त्याच्या कामाबद्दल बरंच सांगितलं. विलासने डोकं भादरून घेतलं होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि भाताचे पिंड पानावर मांडले. शेजारी काकूंच्या आवडीचं सगळं ठेवलं, चहाचा कप, हायवेवरचा गरम बटाटेवडा आणि मिश्रीची डबी. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

पलीकडच्या उंबरावर कावळे होते. चांगले पाच-सहा होते. बसून आमच्याकडे बघत होते. एकही खाली उतरेना.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग एकेकाने पुढे होऊन ती ओळखायची आणि शब्द द्यायचा. मी गणित शिकवते, हे सगळं मला पटतं असं नाही. पण त्या घाटावर उभी असताना मीही मनातल्या मनात कावळ्याला बोलावत होते.

विलास पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "आये, काळजी करू नको. नानांना मी चाकणला घेऊन जातो." एक कावळा उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या कोंबड्या इकणार न्हाई." काही नाही. मामा म्हणाला, "सुमे, भाऊबीजंला तुजा नवरा उपाशी ऱ्हानार न्हाई." काही नाही. मी म्हणाले, "काकू, नानांचा डबा माझ्याकडे." कावळ्याने पंखात चोच घालून पिसं साफ केली.

मग आळीतल्या कमलमावशी एकदम पुढे घुसल्या आणि रडत म्हणाल्या, "सुमन, तुजा खलबत्ता माज्याकडंच हाय गं! हरावला म्हनून खोटं सांगितलं मी! आजच आनून देते!" सगळा घाट अवाक् झाला. काकूंनी त्या खलबत्त्यासाठी सबंध आळी पालथी घातली होती. मीही आ वासून बघत राहिले. पण कावळा त्यानेही हलला नाही.

ऊन चढायला लागलं. गुरुजींनी वर सूर्याकडे पाहिलं आणि पिशवीतून दर्भ काढले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा करतात. विधी पुरा होतो, पण गेलेलं माणूस मन मारून गेलं असं सगळ्यांना आयुष्यभर वाटत राहतं.

तेव्हा माझं लक्ष नानांकडे गेलं. ते सगळ्यांच्या मागे, घाटाच्या टोकाला, हात पाठीमागे बांधून उभे होते. उंबराकडे एकटक बघत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकूंना काय हवंय हे त्या अख्ख्या गर्दीत फक्त दोघांना माहीत होतं, त्यांना आणि मला.

मी जवळ गेले. "नाना, तुम्हाला ठाऊक आहे त्यांना काय हवंय ते."

"गप ऱ्हावा म्याडम."

"एकदा म्हणून टाका ना. काय जातंय तुमचं?"

"त्यो फिरला," नाना उंबरावरची नजर न काढता म्हणाले. "वारा चांगला आस्ताना फिरला. त्ये काय बरूबर न्हाई."

मी सुन्न झाले. बायको जाऊन दहा दिवस झाले, पोरगा डोकं भादरून उन्हात उभा, आणि या माणसाला पुस्तकातलं भांडण जिंकायचं आहे! माझा आवाज चढला. "नाना, मेलेल्या बाईशी कसला हट्ट करताय? माणूस आहात की दगड?" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

गुरुजी दर्भाला गाठ मारू लागले.

"थांबा," नाना म्हणाले.

ते पुढे आले. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पीळ देऊन कमरेला गुंडाळला, पुढे गाठ मारली आणि लोंबणारं टोक विलासच्या हातात दिलं. "धर," ते म्हणाले. "सोडू नगं." मग एकेक पायरी उतरून पिंडासमोर उभे राहिले. घसा खाकरला.

"सुमन," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना काकूंचं नाव घेताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "रडके बरूबर व्हता. फिरला त्ये बरूबर केलं त्यानं. वारा चांगला आसला तरी फिरावं मानसानं."

घाटावर एकच कुजबुज उठली. "रडके कोण?" पुढाऱ्यांनी विचारलं. कमलमावशींनी पदर तोंडाशी नेला आणि "बया बया, लग्नाच्या आदीचं काय व्हतं का काय!" असं म्हणाल्या. मामाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि ते सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना उंबरावरून एक कावळा सुटला, सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली आणि जाताना वड्याचा तुकडाही घेऊन गेला.

लोकांनी हात जोडले. गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवले. विलास ओंजळीत तोंड धरून रडला. मी मात्र नानांकडे बघत होते. सगळ्यांचे चेहरे सुटले होते, पण नानांचा चेहरा हातातलं काही कुणी हिसकावून नेल्यासारखा झाला होता.

परत येताना लोक पुढे गेले. नाना हळूहळू चालत होते आणि मी त्यांच्याबरोबर. टॉवेल अजून कमरेलाच होता, टोक मागे लोंबत होतं.

"नाना, म्हणायचंच होतं तर इतका वेळ का थांबलात?" मी विचारलं. राग पुरता गेला नव्हता.

"ठावं व्हतं की मला पयल्यापासनं, तिला काय पायजे त्ये," नाना म्हणाले. "पर म्हनलं की ती जायाची. भांडान मिटलं न्हाई तवर ती हितंच कुटंतरी व्हती. त्या उंबरावं आसंल. म्हनलं, बसू दे जरा."

मी या माणसाला चारचौघांत दगड म्हणाले होते. मला तोंड वर करवेना.

थोडं पुढे आल्यावर नाना थांबले. "म्याडम, येक सांगू? पुस्तकात तसं न्हाईच."

"कसं नाही?"

"रडक्याला घरची आटवन आली म्हून त्यो फिरला, आसं न्हाई लिवलेलं. त्याची पान्याची टाकी फुटली. प्यायचं पानी समदं गेलं. म्हून फिरला."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागून एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न मारला तरी हलले नाही. इतकी वर्षं भांडण, अबोले, आंदर मावळची वारेमाप पायपीट, आत्ता अख्ख्या गावासमोरचा तो कबुलीजबाब, आणि पुस्तकात ते नाहीच!

"मग ती आठवण?"

"ती माजी," नाना म्हणाले.

ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. "डूटी घाटात. खाली कर्जतला गाडीची वाट बगत बसायचं. इंजान चांगलं, हवा चांगली, काई दुकत न्हाई, खुपत न्हाई. आन् उगंच वाटायचं, घरी जावं. आता बायकूला आसं कोन सांगतं का? पोरगा मिसरूड फुटल्याला. मंग वाचताना त्याच्या तोंडी घातलं. टाकी फुटली म्हनायच्या जागी घरची आटवन आली म्हनलं. तर ती लगी म्हनली, ‘ह्यो शाना मानूस.’ मला घाम फुटला. वाटलं, कळलं का काय हिला. म्हून घाईघाईनं म्हनलं, त्ये काय बरूबर न्हाई. मंग त्येच चालू ऱ्हायलं."

शेतातून बगळे उठले. नाना ते लांब जाईपर्यंत बघत राहिले.

"खरं सांगा म्याडम," ते म्हणाले. "तिला कळलं आसंल का वो? का ती तशीच गेली?"

आणि तेव्हा मला तो दिवस आठवला. नाना दात दुखतो म्हणून भिजत परत आले होते, आणि काकू मिश्री लावत हसल्या होत्या.

"नाना," मी म्हणाले, "काकू मला एकदा म्हणाल्या होत्या. मला इंग्रजी येत नाही, पण ह्यांचं बोट वाचता येतं."

नानांनी उजवा हात वर केला आणि ते बोट डोळ्यांसमोर धरलं.

"त्या पानावं," ते हळूच म्हणाले, "बोट थांबायचं माजं. वाचायला तितं काय नसायचंच ना."

"हो."

"म्हंजी पयल्या दिवसापासनं..."

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

नाना रडले. भर रस्त्यात, लहान पोरासारखे, तोंड न झाकता रडले. मीही रडले. मला लाज वाटली नाही. पुढे गेलेल्या विलासने वळून पाहिलं आणि तो धावत आला. "नाना! काय झालं? बसता का? पानी देऊ?"

नानांनी मनगटाने डोळे पुसले, नाक ओढलं आणि ताठ उभे राहिले.

"काई न्हाई रं," ते म्हणाले. "वारा बराच हाय."

भर दुपार होती, झाडाचं पानही हलत नव्हतं. विलासने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून टॉवेलचं लोंबणारं टोक हातात घेतलं, आणि आम्ही घरी आलो.